मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं आणि ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’: निदानापर्यंत पोहोचायचं कसं

माझ्या थोरल्या बहिणीच्या पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा ती ३१ वर्षांची होती. आजाराला नाव मिळालं तेव्हा ३४. मधल्या तीन वर्षांत कमरेचा एमआरआय दोनदा झाला. ‘मणक्यात गॅप आहे’ हे तीन ठिकाणी ऐकलं, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ किती ठिकाणी ऐकलं ते मोजलंच नाही. ताकदीची लाल इंजेक्शनं झाली, कमरेचा पट्टा झाला, आत्याच्या आग्रहाखातर एका देवऋषाचा अंगाराही झाला. मग एका न्यूरोलॉजिस्टनी ताईला टेबलावर झोपवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तळपायावरून किल्ली ओढली आणि विचारलं, “याआधी कधी डोळ्याला काही झालं होतं का?”

झालं होतं. चार वर्षांपूर्वी तिला उजव्या डोळ्यानं धूसर दिसत होतं. डोळा फिरवला की दुखायचं, आणि त्या डोळ्यानं लाल साडी विटल्यासारखी दिसायची. तीनेक आठवड्यांत ते आपोआप ओसरलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आम्ही विसरूनही गेलो. पायाच्या दुखण्यासाठी गेल्यावर डोळ्याचं कोण सांगतं?

डॉक्टरांनी मानेचा आणि मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. चट्टे तिथे होते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पाय ताठरतात, तोल जातो, पण बिघाड मानेत असू शकतो, आणि कमरेचा फोटो दहा वेळा काढला तरी मानेतलं त्यात दिसणार नाही. निदान मल्टिपल स्क्लेरोसिसचं निघालं. (यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण जागोजागी खराब होतं, तेच ते चट्टे.) हा लेख त्या आजारावर नाही. तुमचं दुखणं वेगळं असेल, कदाचित बरंच साधं. मी डॉक्टरही नाही, फक्त फाइल सांभाळणारा भाऊ. पण त्या तीन वर्षांतली किमान दोन वाचवता आली असती, आणि ती कशी, ते इथे लिहितो.

आधी बघा: हे थांबण्यासारखं आहे का?

पुढचं सगळं महिनोन् महिने चाललेल्या तक्रारींसाठी आहे. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं जडावलं, तर ओपीडीची वाट बघू नका. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पायांतून सुरू झालेली कमजोरी दिवसागणिक वर चढत असेल तर तीही घाईची बाब. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते) साथ आली, तेव्हा हे अनेक घरांनी जवळून पाहिलं. लघवी तुंबणं, बसायच्या जागेला बधिरपणा, गिळताना ठसका, श्वास अपुरा पडणं, पाच मिनिटांत न थांबणारी फिट, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, तापासोबत डोकेदुखी आणि गुंगी: यातलं काहीही असलं तर १०८ला फोन करा. जुन्या दुखण्यात यातली नवी भर पडली तरी हेच करायचं. ‘तिला असं नेहमीच होतं’ हे वाक्य अशा वेळी घात करतं.

मग एक पान लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेंदू आणि नसांच्या आजारांत निदानाचा मोठा भाग हकिगतीतून आणि हातानं केलेल्या तपासणीतून येतो. यंत्रं नंतर येतात, आणि कुठे बघायचं ते हकिगतच ठरवते. सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात, खासगीत थोडी जास्त. तेवढ्यात तीन वर्षं सांगायची तर ती आधी कागदावर हवीत.

सुरुवात शब्दांपासून करा, कारण आपले नेहमीचे शब्द फसवे आहेत. ‘चक्कर येते’ म्हणजे खोली गरगरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो? तिन्हींची कारणं वेगळी, डॉक्टरही कधी कधी वेगळे. ‘अशक्तपणा’ म्हणजे दमायला होतं, की काही करावंसंच वाटत नाही, की हातातली भरलेली कळशी सुटते? ‘बधिर’ म्हणजे चटका बसलेला कळत नाही, की मुंग्या येतात, की पाय नुसता जड वाटतो? शास्त्रीय शब्द शोधत बसू नका. घरात काय करता येत नाही तेवढं लिहा.

चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की न्हाणीघरात तोल जातो. खाली पंगतीला बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. शर्टाचं बटण लागत नाही. सकाळी ठीक असते, संध्याकाळी पापणी खाली येते आणि एकाचे दोन दिसतात. गरम पाण्यानं अंघोळ केली की पाय जास्तच जड होतात. मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी चमक जाते. ही वाक्यं घरगुती वाटतात, पण ऐकणाऱ्याला त्यांतून बरंच कळतं. डोळे मिटल्यावर तोल जातो म्हणजे पाय कुठे आहेत याची खबर मेंदूला नीट पोहोचत नसावी. खालून उठता येत नाही म्हणजे मांड्यांचे आणि कमरेजवळचे स्नायू कमजोर झाले असावेत. संध्याकाळची पापणी मायस्थेनियाची, म्हणजे वापरलं की स्नायू लवकर थकणाऱ्या आजाराची, शंका आणते. ‘अंगात काही राहिलं नाही हो डॉक्टर’ या वाक्यातून यातलं काहीच हाती लागत नाही. (आमची ताई पहिली दीड वर्षं हेच वाक्य सांगत होती.)

मग काळाचा क्रम. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आधी’, ‘धाकट्याच्या बारशानंतर’ असं चालतं. एका झटक्यात आलं, की दिवसांत, की महिन्यांत? एकसारखं वाढत गेलं, की येऊन-जाऊन? एका बाजूला, की दोन्हीकडे? सुरुवातीच्या आधी ताप, जुलाब, अपघात, बाळंतपण असं काही? आणि आपोआप बरं झालेलं सगळं लिहा, या दुखण्याशी संबंध नाही असं वाटलं तरी. विसाव्या वर्षी महिनाभर बोटं बधिर होती, एकदा तोंड वाकडं झालं होतं, लहानपणी तापात फिट आली होती, सगळं. आमच्या तीन वर्षांची किल्ली अशाच एका विसरलेल्या ओळीत होती.

घराण्याची माहितीही हवी. कोणाला फिट्स, लवकर आलेली थरथर, तरुणपणी चालणं बिघडणं, कारण न कळलेला मृत्यू? आईवडील नात्यातले आहेत का? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं आणि ते सांगायला लोक अवघडतात. पण काही आनुवंशिक आजारांत नेमकी तीच माहिती दिशा देते. काम काय करता तेही लिहा: द्राक्षबागेत फवारणी, जुन्या बॅटऱ्यांचं काम, रोजची दारू. शाकाहारी असाल तर तेही.

झटके, थरथर किंवा विचित्र हालचाली येऊन-जाऊन होत असतील तर व्हिडिओ काढा. दवाखान्यात त्या नेमक्या होत नाहीत. फिटचा व्हिडिओ काढताना माणूस कुशीवर आणि सुरक्षित आहे हे आधी बघा. मग चेहरा दिसेल असा धरा. डोळे उघडे होते की मिटलेले आणि मान कुठल्या बाजूला वळली, हे डॉक्टर हमखास विचारतात. चालण्याचा व्हिडिओ अनवाणी, समोरून आणि बाजूनं.

हे सगळं एका पानात बसवा. दुसरं पान सहसा कोणी उलटत नाही.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या

नावं पाठ असण्याची गरज नाही, पाकिटं न्या. दुखण्याचं कारण कधी कधी त्याच पिशवीत असतं. ॲसिडिटीची म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी नीट बघा: पॅन्टोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल बऱ्याच घरांत सापडते, आणि त्यातल्या लेव्होसल्पिराइडनं पार्किन्सनसारखी थरथर आणि मंदपणा येऊ शकतो. चक्करेसाठी दिलेल्या सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिनचंही तसंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास बी१२ घटू शकतं. टीबीच्या आयसोनियाझिडनं हातापायांच्या नसा बिघडू शकतात, म्हणून सोबत बी६ देतात. आणि गंमत अशी की तेच बी६ ताकदीच्या गोळ्यांमधून भरमसाट गेलं तर तेही नसा बिघडवतं. डोकेदुखीसाठी महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवते.

काढे, भस्मं, बाहेरगावच्या वैद्यांच्या बिननावाच्या पुड्याही दाखवा. काहींत शिसं, पारा सापडलेला आहे. ओरडतील म्हणून लपवू नका. मात्र हे वाचून कुठलीही गोळी मनानं बंद करू नका. फिटची किंवा पार्किन्सनची गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

लाल इंजेक्शनाआधी रक्त द्या

मुंग्या म्हटलं की बी१२चं इंजेक्शन मिळतं, आणि अनेकांना गुण येतोही. शाकाहारी घरांत ही कमतरता खरोखरच पुष्कळ आहे, आणि वेळेत सापडली तर भरून निघते. अडचण अशी की इंजेक्शन घेऊन मग रक्त तपासलं तर आकडा चांगलाच येतो, आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळायचा रस्ता बंद होतो. म्हणून आधी रक्त, मग इंजेक्शन. आकडा काठावरचा असला तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी मदत करते.

बाकी प्राथमिक यादी तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टरच लिहून देऊ शकतात: सीबीसी, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या, आणि गरजेप्रमाणे एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची चाचणी). शेवटची दोन नावं बघून दचकू नका. नसांच्या आजारात ती नेहमी विचारात घेतली जातात, त्यात तुमच्या चारित्र्यावर संशय नसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, त्यानं थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

आणखी एक, महाराष्ट्रात विसरू नये असं: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. हा आजार नसांनाच धरतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो आजही सापडतो, इतरत्रही. औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. लाजेखातर उशीर झाला की मात्र हातापायांची बोटं वाकडी होतात, आणि ती औषधानं सरळ होत नाहीत.

कोणाकडे जायचं

‘नसांचा डॉक्टर’ या एका शब्दाखाली आपण चार जणांना कोंबतो. न्यूरोलॉजिस्ट निदान करतो आणि औषधं देतो. त्याच्या पाटीवर डी.एम. किंवा डीएनबी (न्यूरोलॉजी) असतं. न्यूरोसर्जन ऑपरेशन करतो, तिथे एम.सीएच. दिसेल. हाडांचे डॉक्टर वेगळे, मानसोपचारतज्ज्ञ वेगळे. कारण कळलेलं नसताना पहिली पायरी न्यूरोलॉजिस्टची. त्याआधी एखाद्या चांगल्या एम.डी. मेडिसिनवाल्यांनी बघितलं तर निम्मी कारणं तिथेच सापडतात किंवा गळतात.

मुंबईत केईएम, नायर, जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आणि एम्स, गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत न्यूरोलॉजीची ओपीडी ठरावीक वारांना असते. वार आधी विचारा, नाहीतर गावाहून येऊन केसपेपर हातात घेऊन परत जावं लागतं. सकाळी लवकर पोहोचा, जवळच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडचे बरेच जण बेंगळुरूच्या निम्हान्सला (मेंदू आणि मनाच्या आजारांचं केंद्र सरकारी रुग्णालय) जातात. तिथे जायचं तर चार-पाच दिवस राहायच्या तयारीनं, आणि जुने सगळे फोटो घेऊन.

तपासणीच्या खोलीत

पहिली दोन वाक्यं ठरवून जा. “गेल्या दीड वर्षात दोन्ही पायांचा बधिरपणा तळव्यांपासून गुडघ्यांपर्यंत चढलाय, आणि दोन महिन्यांपासून अंधारात तोल जातो.” एवढं झालं की थांबा, पान पुढे करा. मागच्या डॉक्टरांनी काय काय चुकवलं याची कहाणी नंतर. सुरुवात तिच्यानं झाली की सगळा वेळ तिच्यातच जातो, आम्ही हे दोनदा केलं.

सोबत एकच माणूस, रोज घरात बघणारा. सैल कपडे घाला. गुडघ्यापर्यंत पाय उघडे करता आले पाहिजेत आणि पावलं तपासता आली पाहिजेत. चालवून, हातोडी मारून, तळपाय खरवडून, टाचणी टोचून, डोळ्यांत बघून तपासलं जातंय ना, हे लक्षात ठेवा. यातलं काहीही न करता थेट एमआरआयची चिठ्ठी हातात आली, तर नम्रपणे विचारा: “डॉक्टर, बिघाड कुठल्या भागात असावा असं तुम्हाला वाटतं?” बहुतेक जण नीट उत्तर देतात. कमरेच्या पहिल्या एमआरआयच्या वेळी आम्ही हाच प्रश्न विचारायला हवा होता.

निघताना तीन गोष्टी लिहून घ्या: कशाची शंका आहे, या तपासणीतून काय कळेल, आणि काही निघालं नाही तर पुढे काय.

मोठ्या तपासण्या

एमआरआयला मंगळसूत्र, बांगड्या, केसांच्या पिना सगळं काढावं लागतं. शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड असेल तर आधीच सांगा. नळीत अर्धा-पाऊण तास पडून राहायचं असतं आणि आवाज मोठा असतो. बंद जागेची भीती असेल तर तेही आधी बोला. रंगद्रव्याचं इंजेक्शन असेल तर क्रिएटिनीनचा रिपोर्ट लागतो. सीडी किंवा लिंक मागून घ्याच. पुढचा डॉक्टर रिपोर्टच्या शब्दांपेक्षा फोटो स्वतः बघणं पसंत करतो.

रिपोर्ट हातात आल्यावर गूगल करण्याआधी एक आकडा वाचा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा निघाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्येही चकतीची झीज दिसली, आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांमध्ये. म्हणजे ‘डिस्क बल्ज’ दिसला म्हणून दुखण्याचं कारण तेच, असं होत नाही. मेंदूतल्या एखाद्या बारीक पांढऱ्या ठिपक्याचंही तसंच. फोटोतली जागा आणि तपासणीतली जागा जुळली तरच अर्थ.

एनसीव्हीत नसांना विजेचे छोटे झटके देऊन त्यांचा वेग मोजतात. त्या दिवशी हातापायांना तेल-क्रीम लावू नका, हातपाय थंड पडू देऊ नका, थंड नस संथ चालते. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालतात, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. एनसीव्ही जाड नसांचीच चाचणी आहे. तळपायांची आग होते आणि एनसीव्ही नॉर्मल, असं बारीक नसांच्या आजारात होतंच. तिथे गरज पडल्यास कातडीचा छोटा तुकडा तपासतात.

ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आदल्या दिवशी केस धुवा, तेल नको. अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला म्हणून फिटचा आजार नाही असं ठरत नाही. म्हणून तुमचा तो व्हिडिओ मोलाचा.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरात रडारड होते. ‘पाणी काढलं की माणूस अधू होतो’ हे मीही ऐकत मोठा झालो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. काहींना नंतर काही दिवस डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त. ताईला दोन दिवस दुखलं.

जनुकीय तपासणी सर्वांना लागत नाही. सांगितलीच तर ‘अर्थ अनिश्चित’ असा निकालही येऊ शकतो हे आधी समजून घ्या. दुर्मिळ आजाराची शंका असेल तर केईएम हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. धोरणाच्या यादीत बसणाऱ्या आजारांना त्याखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

‘सगळं नॉर्मल’ आल्यावर

याचा अर्थ तीनपैकी एक. आजार अजून दिसण्याइतका वाढलेला नाही. किंवा चुकीची जागा तपासली गेली. किंवा बिघाड रचनेत नसून कामात आहे. तिसऱ्याला फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. त्यात पाय खरोखर उचलत नाही, झटके खरोखर येतात, नाटक नसतं. चांगला न्यूरोलॉजिस्ट ते रिपोर्ट नॉर्मल आहेत एवढ्यावरून ठरवत नाही, तपासणीतल्या ठरावीक खुणांवरून ठरवतो. उदाहरणार्थ, खाली दाबायला सांगितलं की जोर न लावणारा पाय दुसरा पाय उचलताना मात्र आपोआप खाली जोर लावतो. उपचार फिजिओथेरपीचा आणि मानसोपचाराचा असतो आणि अनेकांना फरक पडतो. ‘मानसिक आहे’ एवढंच सांगून बाहेर पाठवलं, तर कोणत्या खुणांवरून ते विचारा. उत्तर मिळालं तर ऐकून घ्या. नाही मिळालं, तर दुसरं मत घ्या.

दुसरं मत जरूर, सातवं नको. दर वेळी नवा डॉक्टर शून्यातून सुरुवात करतो, आणि बदल कोणालाच दिसत नाही. एका डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा तपासलं की कधी कधी ज्यावरून भांडण चाललंय ते आपोआप उघड होतं. पुढची तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि तोवर काय बदललं तर लवकर यायचं तेही विचारा.

कागद आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन होणाऱ्या उपचारांवर आहे. बाहेरून केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुतेक वेळा आपलाच. म्हणून महागडी तपासणी सरकारी रुग्णालयातून होते का ते आधी विचारा. दाखल करणार असतील तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला गाठा, तो तिथेच बसतो.

फाइल तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली, नवं वर. थर्मल कागदावरच्या रिपोर्टांची अक्षरं उडून जातात, त्यांचे फोटो काढून ठेवा. निदान नक्की झालं आणि त्रास टिकणारा असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र विसरू नका. २०१६च्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन आणि इतर दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार धरले आहेत. यूडीआयडीचा (अपंगत्वाचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के आणि त्यावर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. ताईनं अर्ज करताना ते एक पान जोडलं होतं, घडी पडून मधोमध फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं.